साबणाचा पडदा, काचेचा तडा, टर्बाइनचं पातं : ए. ए. ग्रिफिथ आणि फार्नबरोचं सुरुवातीचं विमानसंशोधन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला ग्रिफिथ दोनदा भेटतो. एकदा मटेरियल सायन्समध्ये, तड्याच्या सूत्रात. पुन्हा गॅस टर्बाइन शिकताना, ॲक्सियल कॉम्प्रेसरच्या (फिरत्या पात्यांनी हवा आसाच्या दिशेनं दाबत नेणाऱ्या यंत्राच्या) इतिहासात, तोही ओझरता. दोन्हीकडचा माणूस एकच आहे हे सहसा कुणी सांगत नाही. मग मुलं विचारतात, आणि तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सलग वाचायलाच हवं असं नाही. मात्र साबणाचा भाग सोडून थेट तड्यावर गेलात तर थोडं अडखळाल.

हा ग्रिफिथ कोण?

ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ. जन्म 1893, लंडन. लिव्हरपूल विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला, 1915 मध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात लागला आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं सरकारी प्रयोगशाळांतच राहिला. 1939 मध्ये रोल्स-रॉइसमध्ये गेला, 1960 मध्ये निवृत्त झाला, 1963 मध्ये वारला. स्वभाव अबोल, कागदावर विचार करणारा. विमानाच्या रचनेचं बळ, पदार्थ तुटतात कसे, आणि टर्बाइनच्या पात्यांवरून हवा वाहते कशी, या तिन्ही विषयांत त्यानं पायाचं काम केलं. तेही वयाच्या तेहतिशीच्या आत.

फार्नबरो म्हणजे नेमकी कसली जागा?

लंडनच्या नैर्ऋत्येला, हॅम्पशायरमध्ये. आधी तिथे ब्रिटिश लष्कराचा बलून कारखाना होता. 1908 च्या ऑक्टोबरमध्ये सॅम्युएल कोडीनं तिथेच ब्रिटनमधलं पहिलं मान्यताप्राप्त विमानोड्डाण केलं. 1912 मध्ये त्या कारखान्याचं नाव ‘रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरी’ झालं. 1918 मध्ये रॉयल एअर फोर्स स्थापन झाल्यावर दोघांची आद्याक्षरं एकच झाली, म्हणून कारखान्याला ‘रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट’ म्हणू लागले. खाली फार्नबरो म्हटलं की हीच संस्था समजा.

राइट बंधूंनी 1903 मध्येच उडवून दाखवलं होतं. मग संशोधन करायला उरलं काय?

जवळजवळ सगळंच. विमान उडतं एवढं सिद्ध झालं होतं. पंखावर हवेचा भार कुठे किती पडतो, लाकडी दांडा कुठल्या क्षणी मोडेल, झोत आल्यावर विमान आपोआप सावरेल की उलटेल, यांची आकड्यांतली उत्तरं कुणाकडे नव्हती. पंखाचं बळ तपासायची रूढ पद्धत अशी: पंख उलटा ठेवायचा, त्यावर वाळूच्या पिशव्या रचत जायचं आणि तो कधी मोडतो ते पाहायचं. पद्धत वाईट नव्हती, पण ती फक्त त्या एका पंखाबद्दल सांगायची. दुसरा आकार काढला की पुन्हा पिशव्या.

ब्रिटिश सरकारनं 1909 मध्ये लॉर्ड रॅले यांच्या अध्यक्षतेखाली विमानविषयक सल्लागार समिती नेमली. टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत विंड टनेलचे (बोगद्यात वारा सोडून नमुन्यांवरचे) प्रयोग आणि फार्नबरोला प्रत्यक्ष विमानं अशी साधारण वाटणी झाली. पहिलं मोठं यश स्थैर्याच्या प्रश्नात मिळालं. एडवर्ड बस्क यानं गणित आणि उड्डाण यांची सांगड घालून बी.ई.2सी हे विमान इतकं स्थिर केलं की वैमानिकानं हात सोडले तरी ते सरळ उडत राही. टेहळणीसाठी उत्तम. पण 1915 मध्ये समोर जर्मनांचं फोकर लढाऊ विमान आल्यावर हे स्थैर्यच अंगलट आलं, कारण जे विमान वळायलाच नाखूश, ते गोळ्या चुकवणार कसं? संशोधन यशस्वी आणि विमान अयशस्वी, असा हा प्रकार आहे. गोंधळ संशोधकांचा नव्हता. लष्करानं मागितलं तेच त्यांनी दिलं होतं.

तिथले शास्त्रज्ञ स्वतः विमानं उडवायचे, हे खरं का?

खरं आहे, आणि त्याची किंमतही मोजली गेली. बस्क नोव्हेंबर 1914 मध्ये उड्डाणातच विमानाला आग लागून गेला. मज्जासंस्थेवर काम करणारा कीथ लुकास युद्धापुरता फार्नबरोला आला होता. तो 1916 मध्ये दोन विमानांच्या टकरीत गेला.

केंब्रिजचा गणिती जी. आय. टेलर उडायला शिकला आणि उडत्या विमानाच्या पंखावरचा दाब मोजून तो विंड टनेलमधल्या आकड्यांशी ताडून पाहिला. फ्रेडरिक लिंडमन (पुढे चर्चिलचा सल्लागार) याला एका डोळ्यानं नीट दिसत नसे, तरी तो वैमानिक झाला. 1917 मध्ये मुद्दाम विमान गिरकीत घालायचं, गिरक्या खात खाली येताना वेग, कोन, उंची वाचून लक्षात ठेवायची आणि मग बाहेर पडायचं, हे त्यानं केलं. ‘गिरकीतून सुटायचं तंत्र लिंडमननं शोधलं’ असं ऐकायला मिळतं. ते बरोबर नाही. काही वैमानिकांना ते आधीच जमत होतं. गिरकीत विमानाचं नेमकं काय होतं याची मोजमापं आणि मीमांसा लिंडमनची.

ही मंडळी ‘चडली’ नावाच्या एका घरात एकत्र राहायची. पुढे नोबेल मिळवणारे जी. पी. टॉमसन आणि फ्रान्सिस ॲस्टन हेही त्या काळात फार्नबरोला होते. ॲस्टन पंखांच्या कापडावर लावायच्या लेपावर काम करत होता.

साबणाच्या फुग्याचा विमानाशी काय संबंध?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

गोल दांड्याला पीळ दिला तर आतल्या ताणाचं सूत्र सोपं आहे, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात. दांडा गोल नसेल तर प्रकरण बिघडतं. प्रोपेलरचं पातं किंवा वजन वाचवायला बाजूनं कोरलेला पंखाचा स्पार (पंखातला लांब मुख्य दांडा) घ्या. पिळाचं समीकरण फ्रान्सच्या सां-व्हेनां यानं एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं, पण ते सोडवता येई फक्त चौकोन, त्रिकोण, लंबवर्तुळ अशा मोजक्या आकारांसाठी. पात्याचा छेद त्यात कुठेच बसत नव्हता, आणि संगणक नव्हते.

आता दुसरीकडे पाहा. पत्र्याला एक भोक पाडा, त्यावर साबणाचा पडदा धरा आणि एका बाजूनं हलका दाब द्या. पडदा फुगतो. त्या फुगवट्याच्या आकाराचं समीकरण आणि पिळाचं समीकरण अक्षरशः एकच आहे. म्हणून दांड्याच्या छेदाच्या आकाराचं भोक पाडलं, तर पडद्याचा उतार ज्या जागी जितका, तितका त्या जागी दांड्यातला ताण. आणि पडद्याखाली जितकी जागा, तितकं दांड्याचं पिळाला तोंड देण्याचं सामर्थ्य. पडदा स्वतःच समीकरण सोडवतो. आपण फक्त उत्तर मोजायचं.

टेलर आणि ग्रिफिथ यांनी 1917 मध्ये हे प्रत्यक्ष करून दाखवलं. एकाच पत्र्यात दोन भोकं: एक हव्या त्या आकाराचं, दुसरं गोल. दोन्हींच्या खाली दाब एकच. गोलाचं उत्तर गणितानं माहीत असतंच, त्यामुळे दाब किती किंवा साबणाचं पृष्ठताण किती हे मोजायची गरजच उरत नाही. दोन पडद्यांची तुलना केली की झालं. उतार मोजायला पडद्यावरून परावर्तित होणारा प्रकाश, आणि उंची मोजायला मायक्रोमीटरच्या स्क्रूवर बसवलेली ओली सुई. आधी माहीत असलेल्या आकारांवर पद्धत तपासली, तेव्हा फरक थोडक्या टक्क्यांचा निघाला. या कामाला इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सचं सुवर्णपदक मिळालं.

म्हणजे मूळ कल्पना ग्रिफिथची?

नाही. पिळाचं आणि ताणलेल्या पडद्याचं साम्य जर्मनीच्या लुडविग प्रांटल यानं 1903 मध्ये दाखवलं होतं. टेलर-ग्रिफिथ यांचं श्रेय हे, की त्यांनी त्या साम्यातून कारखान्यात चालणारं मोजमापाचं साधन बनवलं. प्रांटलचं नाव पुढे एका मराठी माणसाच्या संदर्भात पुन्हा येईल.

मग साबणावरून ओरखड्यांवर गाडी कशी आली?

पडद्यावरून दिसणारी एक गोष्ट: भोकाचा कोपरा आतल्या बाजूला टोकदार असेल, तर तिथे पडदा जवळजवळ उभा चढतो. म्हणजे प्रत्यक्ष भागात तिथे ताण प्रचंड. कोपरे गोल करा हा सल्ला जुनाच होता. आता त्याला आकडा मिळाला.

पण मशीनच्या भागाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सगळा ओरखड्यांनीच भरलेला असतो. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक टोकदार कोपराच. केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यानं 1913 मध्ये लंबवर्तुळाकार भोकाच्या टोकाशी ताण किती पट वाढतो ते काढलं होतं. त्या हिशेबानं साधे ओरखडे ताण दोन ते सहा पटींनी वाढवत होते. शिवाय सूत्रात फक्त आकाराचं प्रमाण येतं, मोठेपणा येत नाही. म्हणजे केसाएवढा ओरखडा आणि बोटाएवढी खाच, आकार सारखाच असेल तर घातक सारख्याच. कुठलाही फिटर हे मान्य करणार नाही, आणि प्रयोगही फिटरच्याच बाजूनं होते. ताण पुरेसा वाढला की वस्तू तुटते हा सर्वांचा गृहीत धरलेला नियमच अपुरा होता. ग्रिफिथनं इथे बोट ठेवलं.

त्यानं काचच का घेतली? विमान काचेचं नसतं.

नेमकं म्हणूनच. धातू तुटण्याआधी वाकतो, ताणला जातो, हिशेब बिघडवतो. काच सरळ तुटते. काचेच्या पातळ नळ्या आणि गोळे घेऊन त्यांवर मुद्दाम ठरावीक लांबीच्या चिरा पाडायच्या, आतून दाब वाढवत न्यायचा आणि कधी फुटतात ते पाहायचं. चीर जितकी लांब, तितक्या कमी ताणाला काच फुटली. आणि फुटतानाचा ताण गुणिले चिरेच्या लांबीचं वर्गमूळ हा गुणाकार जवळजवळ स्थिर राहिला.

दुसरा प्रयोग याहून धक्कादायक. काच तापवून ओढलेले धागे तपासले. साधारण 1 मिलिमीटर जाडीचा धागा सुमारे 170 मेगापास्कलला (हे ताणाचं एकक) तुटला. बारीक करत करत 3.3 मायक्रॉनवर आणला तेव्हा तो सुमारे 3,400 मेगापास्कल सोसत होता. वीसपट! काच तीच. बारीक धाग्यात मोठ्या चिरेला जागाच नसते. म्हणजे काच मुळात अफाट बळकट आहे; आपल्या हातात येते ती चिरा पडलेली काच. नुकताच ओढलेला धागा काही तास ठेवला की बराच कमजोर होतो, हेही त्याच्या लक्षात आलं.

सूत्र सोप्या शब्दांत सांगता येईल?

प्रयत्न करू. तडा पुढे सरकला की दोन गोष्टी घडतात. नवे पृष्ठभाग तयार होतात, त्याला ऊर्जा लागते. आणि तड्याच्या आजूबाजूचा ताणलेला भाग सैल पडतो, त्यातून ऊर्जा सुटते. लागणारी ऊर्जा तड्याच्या लांबीच्या प्रमाणात वाढते, सुटणारी लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. छोट्या तड्यात खर्च जास्त, मिळकत कमी; तो जागीच राहतो. एका ठरावीक लांबीनंतर मिळकत खर्चाच्या पुढे जाते आणि मग तडा आपल्या बळावर धावतो.

कापडवाला हेच वापरतो. कापड नुसतं ओढलं तर फाटत नाही. कडेला कात्रीनं बोटभर चीर दिली की टर्रकन शेवटपर्यंत जातं.

सूत्रात तुटायचा ताण तड्याच्या लांबीच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात येतो. तडा चौपट झाला तर बळ निम्मं. इंग्लिसच्या सूत्रात हरवलेला मोठेपणा इथे परत आला. हा निबंध 1920 मध्ये सादर झाला, 1921 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. माझ्या मते या पानावरच्या सगळ्या कामांत हेच सर्वांत मोठं; टर्बाइन ग्रिफिथविनाही आलं असतं.

लोकांनी लगेच दखल घेतली का?

फारशी नाही. सिद्धांत काचेचा, इंजिनिअर लोखंडात गुंतलेले. लोखंडाला तो तसाच लावला तर आकडे चुकतात, कारण धातूत तड्याच्या टोकाशी होणाऱ्या विरूपणात कितीतरी जास्त ऊर्जा खर्च होते. जाग आली दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेनं घाईनं बांधलेल्या वेल्डिंगच्या जहाजांना तडे जाऊ लागले. जानेवारी 1943 मध्ये ‘स्केनेक्टेडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात उभं असताना मधोमध दुभंगलं. त्यानंतर अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जॉर्ज आयर्विन यानं धातूंसाठी सिद्धांत दुरुस्त केला. आजचं फ्रॅक्चर मेकॅनिक्स तिथून सुरू होतं.

एवढं चांगलं काम चालू असताना त्यानं विषय का सोडला?

फार्नबरोत एक गोष्ट सांगितली जायची: काच वितळवायचा दिवा कुणीतरी रात्री चालूच ठेवून गेला, आग लागली, चौकशी बसली आणि ग्रिफिथला हा पोरखेळ थांबवून एंजिनांकडे लक्ष द्यायला सांगण्यात आलं. गोष्ट चविष्ट आहे, आणि अशा गोष्टी सांगता सांगता रंगत जातात हेही खरं. तो एंजिनांकडे वळला एवढं नक्की.

1926 मध्ये टर्बाइनबाबत त्यानं नवं काय सांगितलं?

की प्रत्येक पातं हा एक पंख आहे.

तोवर कॉम्प्रेसर आणि टर्बाइन बनवणारे दोन पात्यांमधल्या जागेकडे वाकडी नळी म्हणून पाहत. वाफेच्या टर्बाइनमध्ये ते खपून जाई, कारण वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावते आणि पृष्ठभागाला चिकटून राहते. कॉम्प्रेसरमध्ये उलट. हवेला चढत्या दाबाकडे ढकलायचं असतं, आणि जरा कोन चुकला की ती पात्यापासून सुटते. विमानाचा पंख जास्त तिरपा केला की जसा स्टॉल होतो, तसंच. चार्ल्स पार्सन्ससारख्या कसबी माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलेले ॲक्सियल कॉम्प्रेसरही म्हणूनच निराशाजनक निघाले. त्यांची पाती कायम स्टॉलमध्येच फिरत होती, असं ग्रिफिथनं जुलै 1926 च्या अहवालात दाखवलं. पंखांसाठी तयार झालेली वायुगतिकी पात्यांना लावा, त्यांचा छेद पंखासारखा करा, नुकसान खाली येईल. पुढे एकाच टप्प्याच्या छोट्या नमुन्यावर चाचणी झाली, कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास आली.

थोड्या टक्क्यांनी एवढा काय फरक पडतो?

गॅस टर्बाइनमध्ये सगळाच पडतो. तिथे कॉम्प्रेसर हवा दाबतो, त्या हवेत इंधन जळतं आणि गरम वायू टर्बाइन फिरवतो. टर्बाइननं कमावलेल्या शक्तीतला मोठा हिस्सा तिचाच कॉम्प्रेसर खातो. समजा आदर्श स्थितीत टर्बाइन 100 देते आणि कॉम्प्रेसरला 60 लागतात (आकडे समजावण्यापुरते). दोन्ही 90 टक्के कार्यक्षम असतील तर टर्बाइन देणार 90, कॉम्प्रेसर मागणार 60 भागिले 0.9 म्हणजे सुमारे 67, शिल्लक 23. दोन्ही 75 टक्क्यांवर आणा: मिळणार 75, लागणार 80. एंजिन स्वतःलाही फिरवू शकत नाही. नॉर्वेच्या एगिडियस एलिंग यानं 1903 मध्ये गॅस टर्बाइनमधून जेमतेम 11 अश्वशक्ती शिल्लक काढून दाखवली, तीसुद्धा बातमी होती ती यामुळे. त्यात भर पोलादाची: लालभडक गरम होऊनही फिरत राहील असं पातं तेव्हा कुठे होतं?

ग्रिफिथनं व्हिटलची वाट अडवली, असं म्हणतात. खरं काय?

इथे जरा थांबायला हवं, कारण इंटरनेटवर या गोष्टीचा सिनेमा झाला आहे.

फ्रँक व्हिटल हा रॉयल एअर फोर्समधला बावीस वर्षांचा अधिकारी. 1929 मध्ये त्यानं टर्बाइन फिरवून उरलेल्या झोतानं विमान ढकलायचं, म्हणजे टर्बोजेटचं, कल्पनाचित्र वरिष्ठांना दाखवलं. त्याला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन इथल्या हवाई मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत ग्रिफिथकडे पाठवलं गेलं. ग्रिफिथनं हिशेबातली एक चूक दाखवली, गृहीतकं फार आशावादी आहेत असं सांगितलं, आणि मंत्रालयाचा नकार आला. व्हिटलनं जानेवारी 1930 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. 1935 मध्ये नूतनीकरणाचे 5 पौंड नव्हते म्हणून ते पेटंट गेलं. मंत्रालयानंही भरले नाहीत.

ग्रिफिथचे आक्षेप चुकीचे नव्हते. 1929 मध्ये व्हिटलला हवा तसा कॉम्प्रेसर कुठेच नव्हता, पोलादही नव्हतं. पण ग्रिफिथच्या डोक्यात त्याचं स्वतःचं टर्बाइन होतं: ॲक्सियल, अनेक टप्प्यांचं, प्रोपेलर फिरवणारं, कार्यक्षमतेचा शेवटचा थेंब काढणारं. त्याच्या शेजारी व्हिटलचं एंजिन ओबडधोबड दिसलं. 1937 मध्येही किफायतशीर उड्डाण हवं असेल तिथे हे एंजिन नेहमीच्या एंजिनाशी टक्कर देऊ शकणार नाही, असाच त्याचा अभिप्राय होता. किफायतीचा मुद्दा त्या घडीला खराच होता. फक्त युद्धात लढाऊ विमानाला किफायत कोण विचारतो? हेवा होता की नाही हे कागदांवरून ठरत नाही आणि ठरवायची गरजही नाही. उत्तम सिद्धांतकार परीक्षकाच्या खुर्चीत बसला की स्वतःच्या मापानं मोजतो, एवढं दिसतं.

व्हिटलचं एंजिन 12 एप्रिल 1937 रोजी रग्बी इथे चाललं. त्यावर उडणारं ग्लॉस्टर ई.28/39 हे विमान 15 मे 1941 रोजी क्रॅनवेलहून 17 मिनिटं उडालं.

मग जेट एंजिन आधी कुणाचं?

पेटंट म्हणाल तर फ्रान्सच्या मॅक्सिम गिओमचं 1921 चं आहे, पण ते कागदावरच राहिलं. चालतं एंजिन व्हिटलचं आणि जर्मनीच्या हान्स फॉन ओहाइनचं, जवळपास एकाच सुमारास. पहिलं उड्डाण जर्मनांचं: हाइंकेल हे 178, 27 ऑगस्ट 1939.

ग्रिफिथचा ॲक्सियल कॉम्प्रेसर शेवटी कधी चालला?

मधली काही वर्षं काम थंडावलं. 1936 मध्ये हेन कॉन्स्टंट हा इंजिनिअर फार्नबरोला परतला आणि त्यानं ते पुन्हा उचललं. पहिल्या कॉम्प्रेसरचं नाव ‘ॲन’. 1938 मध्ये तो सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटात बिघडला. पुढचे नमुने टिकले. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीबरोबर बनवलेलं एफ.2 एंजिन नोव्हेंबर 1943 मध्ये मीटिओर विमानावर उडालं. जर्मनांचं ॲक्सियल युमो 004 त्याआधीच, 1942 मध्ये, मेसरश्मिट 262 वर उडालं होतं.

ग्रिफिथ स्वतः रोल्स-रॉइसमध्ये. तिथे त्याला ‘विचार करत राहा’ एवढंच काम दिलं होतं असं सांगतात. त्याची पहिली कल्पना, एकमेकांविरुद्ध फिरणारी पाती आणि उलटसुलट प्रवाह, गळतीत आणि यांत्रिक गुंत्यात अडकली. मग त्यानं साधा ॲक्सियल आराखडा काढला, एजे.65. त्याचंच पुढे ‘एव्हॉन’ एंजिन झालं. सुरुवातीला खूप छळलं त्यानं, पण नंतर हजारोंनी बनलं.

कॉमेट विमानांचे अपघात म्हणजे ग्रिफिथचाच तडा ना?

हो आणि नाही. कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट, 1952 पासून सेवेत. जानेवारी आणि एप्रिल 1954 मध्ये दोन कॉमेट इटलीजवळ हवेतच फुटली. (मे 1953 चा कलकत्त्याजवळचा अपघात वेगळा, तो वादळी हवामानातला.) फार्नबरोत एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून आत पुन्हा पुन्हा दाब भरला आणि सोडला. आधीची उड्डाणं आणि ही आवर्तनं मिळून सुमारे 3,000 झाल्यावर खिडकीच्या कोपऱ्यापासून धड फाटलं. वारंवारच्या ताणानं, म्हणजे फटीगनं, तडा हळूहळू वाढला. ठरावीक लांबीला पोचल्यावर एका क्षणात धावला. शेवटचं धावणं ग्रिफिथचं, आधीचं वाढणं त्याच्या सिद्धांतात नाही.

‘चौकोनी खिडक्यांमुळे पडलं’ हे वाक्य मात्र पुसून टाका. खिडक्यांचे कोपरे गोलच होते, पुरेसे गोल नव्हते. आणि जानेवारीत इटलीच्या एल्बा बेटाजवळ पडलेल्या विमानाचा तडा छतावरच्या अँटेनाच्या झरोक्यापासून निघाला होता. सुधारलेलं कॉमेट 4 ऑक्टोबर 1958 मध्ये अटलांटिकपार गेलं, तेव्हा त्यावर एव्हॉन एंजिनं होती.

यात स्त्रिया नव्हत्या का?

होत्या, नावं कमी ऐकू येतात एवढंच. पहिल्या महायुद्धात विमानांच्या सांगाड्यातले ताण हातानं काढणाऱ्यांत लेटिशिया चिटी होती. फार्नबरोच्या विंड टनेलांचं काम फ्रान्सेस ब्रॅडफिल्डनं अनेक वर्षं सांभाळलं. 1941 मध्ये सूर मारताना मर्लिन एंजिन अडखळायचं, त्यावर छिद्राच्या एका चकतीनं उपाय काढणारी बीट्रिस शिलिंगही तिथलीच.

भारताशी किंवा मराठी माणसाशी याचा काही संबंध?

आहे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे गटिंगनला थेट प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट करून आले. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये 1942 मध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत ते होते. हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेलं एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951 मध्ये उडालं. आपल्याकडे त्यांचं नाव जेवढं घेतलं जायला हवं तेवढं घेतलं जात नाही.

दुसरा धागा एव्हॉनचा. 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र निकामी केलं. दोन्ही विमानांच्या पोटात एव्हॉनच होतं.

आणि शिवकर बापूजी तळपदे? त्यांनी 1895 मध्येच चौपाटीवर विमान उडवलं ना?

हा प्रश्न येणारच. तळपदे होते, त्यांना विमानाचा ध्यास होता. पण उड्डाणाचा दावा पडताळता येईल असा एकही आराखडा, मोजमाप किंवा चाचणीची नोंद हाती नाही. त्यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा अभ्यास इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संशोधकांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केला. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष.

आज काय पाहायला मिळेल?

फार्नबरोला जुने विंड टनेल जपले आहेत आणि फार्नबरो एअर सायन्सेस ट्रस्टचं संग्रहालय आहे. व्हिटलचं ई.28/39 लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलेलं आहे, तेही साउथ केन्सिंग्टनमध्येच.

साबणाचा प्रयोग कॉलेजात करता येईल का?

येईल, आणि करावाच. ॲक्रिलिकची पातळ शीट घ्या. तीत 6 सेंटिमीटर बाजूचा चौकोन आणि 6 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ कापा. या मापांत क्षेत्रफळ आणि परिमितीचं गुणोत्तर दोन्हींचं सारखं येतं, त्यामुळे कडेवरचा सरासरी उतारही सारखा राहतो. शीट एका बंद डब्यावर हवाबंद बसवा, म्हणजे दोन्ही भोकांखालचा दाब एकच राहील. भांडी घासायच्या द्रवात ग्लिसरीन घातलं की पडदा जास्त टिकतो. पट्टीनं दोन्ही भोकांवर पडदे ओढा आणि नळीतून अगदी हलकी फुंकर घाला; पडदे अर्धगोलासारखे फुगले तर फुंकर जास्त झाली, हिशेब फक्त कमी उताराला लागू आहे.

चौकोनी पडदा कोपऱ्यांशी सपाट आणि बाजूंच्या मध्यावर सर्वांत तिरपा दिसेल. तिथला उतार वर्तुळाच्या कडेच्या उताराच्या सुमारे 1.35 पट यायला हवा. चौकोनी दांड्याचा कोपरा पिळात सर्वांत धोक्याचा असतो असं बहुतेकांना वाटतं; तिथे ताण शून्य असतो. त्यानंतर इंग्रजी एल आकाराचं भोक कापा आणि आतल्या कोपऱ्याकडे पाहा. मग तोच कोपरा गोल कानसीनं दोन-तीन मिलिमीटर घासून पुन्हा फुंकर घाला, आणि दोन्ही वेळचे फोटो एकाच कोनातून काढून ठेवा.